ताई, तुम्ही आमच्या रोबोला हात लावला नाहीत, त्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. आमच्या रोबो स्पर्धेत तुम्ही स्वयंसेवक म्हणून आला होतात आणि कंट्रोल सिस्टिम ॲडव्हायझरचं, म्हणजे रोबोच्या तांत्रिक अडचणींत संघांना मदत करण्याचं काम पाहत होतात, इतकंच ठाऊक आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कुणाच्या तरी हातून तुमच्यापर्यंत पोहोचेलच.

फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेतला सामना अडीच मिनिटांचा असतो. पहिले 30 सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, पुढची 2 मिनिटं आमच्या हातात. मी आमच्या संघाची ड्रायव्हर. जॉयस्टिक पुढे ढकलावी आणि समोर रोबो जागच्या जागी ठप्प उभा असावा, याहून असहाय वाटायला लावणारं त्या मैदानावर दुसरं काही नाही. कंट्रोल हब, म्हणजे रोबोचा मेंदू, बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंत त्या दोन मिनिटांचा मोठा लचका गेलेला असतो. आमच्या जोडीने खेळणारा संघ एकटाच लढत राहतो आणि त्यांच्याकडे बघवत नाही. आमचं हे लागोपाठच्या सामन्यांत झालं.

तुम्ही पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या आमच्या जागेत, आलात तेव्हा आमच्याभोवती सल्ल्यांची गर्दी होती. कुणी म्हणे वायफायची गडबड आहे, कुणी म्हणे फोमच्या फरशीवर चाकं घासून स्थिर विद्युत साठते, तिचा झटका बसतोय. कुणाला बॅटरीवर संशय, कुणाला कोडवर. यातलं प्रत्येक कारण इतर रोबोंच्या बाबतीत खरं ठरलेलं आहे, त्यामुळे कुणाला खोटं म्हणायचीही सोय नव्हती. आमचा प्रोग्रामर तर चांगला चालणारा कोड बदलायलाच बसला होता.

तुम्ही त्याला थांबवलंत आणि विचारलंत, "रोबो थांबला तेव्हा हबचा दिवा कोणत्या रंगाचा होता?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. उत्तर आलं ते संघातल्या सर्वांत लहान मुलाकडून. तो कडेला उभा राहून सामना बघत होता. "दिवा नव्हताच. गेला होता," तो म्हणाला. तुम्ही त्याच्यासमोर खाली बसलात आणि सगळं नीट विचारून घेतलंत: रोबो वळत होता की सरळ जात होता, कुणाला धडकला होता का, दिवा परत कधी लागला. तोवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. ताई, त्या दिवसापासून तो प्रत्येक सामन्याला वही घेऊन उभा राहतो.

मग तुम्ही ड्रायव्हर स्टेशनवर, म्हणजे ज्यावरून आम्ही रोबो चालवतो त्या उपकरणावर, सामन्याचा लॉग (आपोआप होणारी नोंद) उघडायला लावलात. त्यात बॅटरीच्या व्होल्टेजचा आलेख असतो हे आम्हाला माहीत होतं, पण तो वाचायचा कसा हे तुमच्याकडून कळलं. बॅटरी दमलेली असेल तर रोबोने वेग घेतला की रेघ दरवेळी खोल खाली जाते. आमची रेघ 12 व्होल्टच्या वर बऱ्यापैकी स्थिर होती आणि एकदम तुटली होती. दिवा गेलेला, रेघ तुटलेली. म्हणजे वायफाय नाही, कोड नाही, दमलेली बॅटरीही नाही. वीज हबपर्यंत पोहोचतच नव्हती. पाच मिनिटांपूर्वी सगळ्या रोबोवर असलेला संशय आता बॅटरी, फ्यूज, स्विच आणि हब एवढ्या रस्त्यावर येऊन थांबला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुम्ही हात मागे बांधलेत आणि म्हणालात, "रोबो चालू ठेवा, एकेक जोड हलवून बघा. दिव्यावर एकाची नजर हवी." दोष कुठे असेल याचा अंदाज तुम्हाला नक्कीच आला होता. पुढचा सामना जवळ आला होता, तुम्हाला दुसरे संघही बोलावत होते. तुम्ही स्वतः केलं असतं तर लवकर झालं असतं. तरी तुम्ही थांबलात. स्विचपाशी असलेला पिवळा एक्सटी-30 कनेक्टर जरासा वाकवला आणि दिवा विझला. सोडला, लागला. पुन्हा वाकवला, पुन्हा विझला. बिघाड सापडल्याचा इतका आनंद होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुम्ही आधी बॅटरी काढायला लावलीत, मग पिनेवरची बारीक फट दाखवलीत. सारखं लावून-काढून ती फट मिटत जाते, पीन सैल बसते आणि धक्का लागला की संपर्क सुटतो. पातळ पात्याने ती किंचित उघडायची, आणि जमेल तेव्हा तुकडाच बदलायचा. हेही आमच्याच हातून करून घेतलंत.

पुढचा सामना आम्ही थोडक्यात हरलो. रोबो मात्र शेवटच्या सेकंदापर्यंत चालला. नंतर कळलं की त्या सामन्याआधी तुम्ही आमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पिटमध्ये होतात, त्यांच्या मोटरच्या एन्कोडरची (मोटर किती फिरली हे मोजणाऱ्या सेन्सरची) वायर तपासून घेत. हे ऐकून मला फार बरं वाटलं. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धांना हीच शिकवण दिली: जीव तोडून लढा, पण समोरच्याला मदत करूनच. त्यांच्या नावाचा पुरस्कार फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या फर्स्टच्याच दुसऱ्या स्पर्धेतल्या मार्गदर्शकांना 1996 पासून दिला जातो आणि त्यासाठी विद्यार्थीच आपल्या मार्गदर्शकाबद्दल लिहितात. तुम्ही कुठल्याच एका संघाच्या नव्हतात, मग तुमच्याबद्दल कुणी लिहायचं? आम्ही लिहायचं ठरवलं.

आता आम्ही वायरी फ्रेमला बांधतो, म्हणजे ओढ थेट कनेक्टरवर येत नाही. सामन्याला जाण्याआधी रोबो चालू करून जोड हलवून बघतो. नंतरच्या एका स्पर्धेत शेजारच्या संघाचा रोबो असाच बंद पडला, तेव्हा आमच्या प्रोग्रामरने त्यांना पहिला प्रश्न दिव्याचाच विचारला.

ताई, एक गोष्ट विचारायची राहिली. बॅटरी ताजी असली की स्वयंचलित भागात आमचा रोबो ठरलेल्या जागेच्या पुढे जातो आणि उतरली की अलीकडेच थांबतो. प्रोग्राममध्ये व्होल्टेज मोजून मोटरची ताकद त्या हिशेबाने बदलावी, की अंतरासाठी एन्कोडरवरच भर द्यावा? संघात यावर दोन तट पडलेत. पुढच्या स्पर्धेला येणार असाल तर आमच्या पिटमध्ये नक्की या. दोन्ही पद्धतींचे लॉग काढून ठेवतो.

तुमची,
एक ड्रायव्हर, आणि मागे उभा असलेला सगळा संघ