ऑटोमॅटिक स्लो असते म्हणे!

संपादक साहेब, स.न.वि.वि.
आमच्या इंदूरला पोह्याच्या ठेल्यावर कुणीही सांगेल की ऑटोमॅटिक म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी, पण अमेरिकेत ड्रॅग रेसवाले (सरळ ट्रॅकवर थोड्या अंतराची शर्यत लावणारे) अजूनही शेवरोलेने १९५० साली आणलेला दोनच गिअरचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मुद्दाम बसवतात, कारण वजन कमी, ताकद कमी खातो आणि पाव मैलात शिफ्ट एकच. खरा खेळ टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा; त्याचा स्टॉल आरपीएम (गाडी जागेवर धरून इंजिन जास्तीत जास्त जितकं फिरतं तो वेग) इंजिनशी जुळला नाही तर बाकी खर्च पाण्यात. ट्रान्सब्रेक, म्हणजे गिअरबॉक्समधला ब्रेक, तर पहिला आणि रिव्हर्स गिअर एकदम लावून गाडी जागेवर धरतो, बटन सोडलं की सुटली! गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर मात्र मोठा हवा, ऑइल तापलं की क्लच प्लेटा जळतात. (हे ट्रॅकवर हं, आमच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर नाही.) तुमच्या पुरवणीत यावर कधी लिहा ना.
– एक वाचक, इंदूर