हेलसिंकीत शिकणाऱ्या सईला

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

गावातल्या माणसांचे फोटो हाताशी असताना त्यांचीच कच्ची चित्रं पुन्हा पुन्हा कशाला काढायची, या तुझ्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहायला बसले. तू हेलसिंकीत आहेस, तर आधी आतेनेउम संग्रहालयात जा आणि फिनिश चित्रकार एरो यार्नेफेल्टचं 1893 सालचं 'कास्की' हे चित्र बघून ये.

कास्की म्हणजे जंगल जाळून तयार केलेलं शेत. पूर्व फिनलंडमधल्या सावो भागात झाडं तोडून वाळत टाकायचे, मग पेटवायचे. जळते ओंडके लांब काठ्यांनी ढकलत ढकलत विस्तव सगळ्या जमिनीवर फिरवायचा आणि मग त्या राखेत राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, पेरायचं. काही पिकं निघाली की जमिनीचा कस जायचा, मग ती पुन्हा जंगलाला सोडून द्यायची. आपल्या कोकणात राब भाजतात तो रोपांच्या तुकड्यापुरता. इथे अख्खा उतार पेटायचा. पुढे लाकडाला चांगला भाव येऊ लागला, मग झाडं जाळणं परवडेना. यार्नेफेल्ट तिथे पोचला तेव्हा ही शेती मागे पडू लागली होती.

लापिनलाहती गावच्या एका शेतकऱ्याच्या घरी तो राहिला. चित्रात पुढे उभी आहे ती योहाना कोक्कोनेन, त्याच घरी कामाला असलेली चौदा वर्षांची मुलगी. मागे धुरात माणसं राबताहेत, आणि ही काजळीने माखलेल्या चेहऱ्याने सरळ आपल्याकडे बघते. फाटका कपडा, फुगलेलं पोट. ते पोट उपासमारीचं मानतात. मला मात्र तिच्या डोळ्यांपुढे बाकी काही दिसतच नाही.

आता तुझा मुद्दा. यार्नेफेल्टनेही कॅमेरा वापरला होता! विस्तव चित्रकारासाठी थांबत नाही, आणि धुरात कुणी तासन् तास उभंही राहू शकत नाही. त्याने काठ्या घेतलेल्या माणसांचे फोटो काढले, तयारीची चित्रं केली, आणि मग मोठ्या कॅनव्हासकडे वळला. तेव्हा फोटो काढण्यात कमीपणा नाही. पण फोटोत सगळंच येतं, धूर, ओंडके, बोटं, मागचं झाड, सगळं एकाच मोलाचं. रेखाटताना ठरवावं लागतं. काठीवरचा कुठला हात जोर लावतोय आणि कुठला नुसता आधाराला आहे? खांदा किती उतरलाय? हे कळल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही. पहिल्या रेखाटनात आपण हात काढत नाही, हाताची आपली समजूत काढतो: चार बोटं ओळीने, अंगठा बाजूला. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे दिसतं की अंगठा काठीवरून आलाय आणि मनगट आतल्या बाजूला वळलंय. शाळेत मुलांना चित्रकला शिकवताना हे मी सतत बघते, आणि माझ्या स्वतःच्या वहीतही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लापिनलाहती ज्या कुओपिओ प्रांतात होतं, त्याच प्रांताचे एरोचे वडील गव्हर्नर होते, 1888 पर्यंत. एरो स्वतः सेंट पीटर्सबर्ग आणि पॅरिसला शिकलेला. गव्हर्नरच्या मुलाने मोलकरीण मुलीचं चित्र काढायचं, यात मोठी जोखीम असते. तिच्या गरिबीचं सुंदर चित्र करून घरी नेणं फार सोपं असतं. तू गावातल्या माणसांसमोर वही उघडताना अवघडतेस ना, ते याच जाणिवेने. तो अवघडलेपणा जाऊ देऊ नकोस. फोन काढून पटकन टिपलं की तो टळतो, आणि समोरचं माणूसही निसटतं. वही घेऊन बसलीस की तेही तुला बघतं, चार शब्द बोलतं, कंटाळतं, नकोही म्हणतं. नको म्हणालं तर वही मिट आणि त्यांच्याबरोबर कॉफी पी.

योहानाला यार्नेफेल्टने मान खाली घालायला लावली नाही. चित्र विकत घेणाऱ्यांच्या, बघणाऱ्यांच्या, आपल्या सगळ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याने तिला उभं केलं. असा निर्णय एका क्लिकमध्ये होत नसतो गं.

आतेनेउममध्ये जाताना पेन्सिल आणि लहान वही ने, चालतं का ते दारात विचारून घे. पूर्ण चित्राची नक्कल करू नकोस. फक्त तिचे हात काढ, मग चेहरा, आणि वाईट आलं तरी खोडू नकोस. तेच पान मला पाठव. तुझ्या शिक्षकांना कुठली चित्रं द्यायची ते त्यानंतर आपण बोलू.

गोडा मसाला आणि तुझे लोकरी मोजे बाबांनी पार्सलात घातलेत, सोमवारी पोस्टात टाकतील.

तुझी,
आई