आरोग्यमंत्री महोदय, ठेका स्वस्त पडला तो कुणाला?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी पेठ तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली. आमच्या आरोग्य केंद्रात तिचं रक्त घेऊन ठेकेदाराच्या प्रयोगशाळेत पाठवलं. रिपोर्ट हातात पडला तो तिला धाप लागून ती ओट्यावर बसल्यावर. हिमोग्लोबिन 6.2! सातच्या खाली म्हणजे जिवाशी गाठ. पूर्वी आमच्या सिस्टर बोट टोचायच्या, हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीत बघून तिथल्या तिथे आकडा सांगायच्या. त्यांची जागा रिकामी आहे.

रुग्णवाहिका दुसऱ्या केसला गेलेली. रात्री जीप ठरवली, साडेतीन हजार मोजले. कोटंबी घाटात तिचे ओठ पांढरे पडत होते आणि मी बाप असून नुसता हात धरून बसलो होतो. नाशिकला सरकारी डॉक्टरांनीच तिला वाचवलं. पगारी, कायमच्या डॉक्टरांनी, हे लिहून ठेवा.

रक्त तपासायचं काम ठेक्यावर दिलं की स्वस्त पडतं, असं म्हणता. तपासणीमागचा दर तेवढा कागदावर दिसतो. रिपोर्ट वेळेत आला का, उशिराचा दंड कापला का, हे बघायला माणूस लागतो; त्याचा पगार त्या हिशेबात धरलाय? माझे साडेतीन हजार धरलेत? कंबोडियात 1999 पासून काही जिल्ह्यांची आरोग्यसेवा बाहेरच्या संस्थांना देऊन पाहिली. सेवा सुधारली, लोकांच्या खिशातला खर्च घटला. पण सरकारला जास्त पैसे घालावे लागले आणि कामाचं मोजमाप ठेवावं लागलं. तुम्ही त्यातला फक्त ठेका उचललात, मोजमाप सोडून दिलंत.

आणि दिलेल्या शब्दाचं काय? सप्टेंबर 2023 मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कामांवर कंत्राटी भरतीचा जीआर काढलात, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागे घेतलात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षं राबलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम सेवेत सामावून घ्यायचा निर्णय 14 मार्च 2024 चा. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच लोकांना संप करावा लागला. 2025 पर्यंत आरोग्यावर देशाच्या उत्पन्नाचा अडीच टक्के खर्च होणार होता, तोही झाला नाही. सिंहस्थासाठी मात्र हजारो कोटींचे आराखडे तयार आहेत. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र हा सरकारचाच निकष. त्या केंद्रात रक्त तपासणारा एक माणूस द्यायला पैसा नाही?

आमच्या केंद्रातली सिस्टरची आणि लॅबची जागा कायमस्वरूपी भरा. ठेक्याचा करार, प्रत्येक रिपोर्टला लागलेले दिवस आणि कापलेला दंड केंद्राच्या भिंतीवर लावा. लेखी उत्तर द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. पेठ, जि. नाशिक