गच्चीवरच्या काकांना, कृत्तिका दाखवल्याबद्दल

आदरणीय काका,

मुंबईत चंद्र आणि विमानांपलीकडे काही दिसत नाही, असं आपल्या विक्रोळीच्या सोसायटीत सगळेच म्हणतात. तुम्ही मात्र जानेवारीत पोरांना गच्चीवर नेलंत आणि काय बघायचं ते नेमकं निवडलंत. आकाशगंगेचा पट्टा, तेजोमेघ म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग, यांचा उजेड पसरट, तो शहराच्या झगमगाटात बुडतो. तारकागुच्छ म्हणजे सुटे सुटे ठिपके, ते द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, उठून दिसतात. एवढं साधं गणित आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

घरी मोठी दुर्बीण असून तुम्ही दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची द्विनेत्रीच आणलीत. कृत्तिका या तारकागुच्छाचा पसारा पूर्णचंद्राच्या तिपटीहून मोठा, दुर्बिणीत त्याचा तुकडाच दिसला असता. कोपरं कठड्यावर टेकवून धरायला तुम्ही शिकवलंत आणि माझी मुलगी ओरडलीच, "आई, निळे आहेत!" निळे म्हणजे खूप तप्त आणि वजनदार, असे तारे आपलं इंधन भराभर संपवतात, म्हणून ते अजून दिसताहेत याचा अर्थ गुच्छ तरुण. साधारण 10 ते 12 कोटी वर्षांचा, अंतर सुमारे 440 प्रकाशवर्षं. आपला सूर्य 460 कोटींचा! पृथ्वीवर डायनासोर फिरत असताना हे तारे जन्मले, हे ऐकून पोरं गप्पच झाली.

मग उत्तरेला, शर्मिष्ठा तारकासमूहाजवळ, ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ. दोन धूसर ठिपके, थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवली की उमलणारे. वय जेमतेम दीड कोटी वर्षांच्या आत, अंतर मात्र सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं. मला तोच जास्त आवडला.

वायूच्या एका ढगातून जन्मलेले हे गुच्छातले तारे हळूहळू पांगतात, सूर्याची भावंडंही बहुधा अशीच पांगली, हे तुम्ही सांगितलंत. ती भावंडं आता कुठे असतील, असं मुलगी अजून विचारते. मला उत्तर देता येत नाही, पण असा प्रश्न आमच्या घरात आला तो तुमच्यामुळे. त्यासाठी मनापासून आभार.

आणखी एक मागणं आहे. मे महिन्यात, ढग यायच्या आधी, मध्यरात्रीनंतर वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन गुच्छ दाखवाल ना? शाळेला सुट्टी असेल. गच्चीची किल्ली मी आदल्या दिवशीच घेऊन ठेवते, चहाही माझ्याकडे.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची शेजारीण