कुकरच्या शिट्ट्यांमधला खेळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘बायकांना सोपे, गोडगोड गेमच आवडतात’ हे एका वाचकांचं मत आपल्या अंकात वाचलं आणि राहवलं नाही.

माझी आई गेली दहा वर्षं फोनवर कँडी क्रश, म्हणजे रंगीत कँड्या जुळवायचा गेम, खेळते. हा गेम सोपा वाटणाऱ्यांनी पासष्टावी लेव्हल खेळून बघावी. आई तिथे तीन आठवडे अडकली होती. कुकर लावायचा, ओट्याला टेकायचं आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत एका हाताने खेळायचं. चाली मोजक्या असतात, पण घड्याळ सहसा मागे लागत नाही. बेल वाजली, दूध उतू जायला आलं, की फोन पालथा ठेवायचा. परत यावं तर कँड्या जागच्या जागी! घरातलं दुसरं कुठलं काम असं थांबतं? पुसलेला ओटा संध्याकाळी पुन्हा खरकटा होतो, पार केलेली लेव्हल मात्र पार केलेलीच राहते. पाच जीव (म्हणजे खेळायच्या संधी) संपले की अर्ध्या तासाने एक परत मिळतो. तेवढ्यात तिची भांडी होतात. नाशिकची मावशी जीव पाठवते, मग त्या निमित्ताने फोनही होतो.

जपानच्या नामको कंपनीतल्या तोरू इवातानींनी १९८० मध्ये पॅक-मॅन हा गेम आणला, तो बायकांनीही आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या जागी, यावं म्हणून. तेव्हा तिथे अंतराळातल्या शत्रूंवर गोळ्या झाडायच्या गेमची चलती होती. बायकांना गोडधोड खायला आवडतं, म्हणून त्यांनी खाण्याचा गेम केला. हे कारण मला पटत नाही. पण आर्केड हा पुरुषांचा अड्डा झालाय, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तो अड्डा आजही मोडलेला नाही. माझी भाची नेमबाजीचा एक ऑनलाइन गेम खेळायची, तोही मुलाच्या नावाने आणि माइक बंद ठेवून. एकदाच बोलली, तर “लडकी है क्या?” पासून सुरू झालं; पुढचं तिने मला सांगितलं नाही. माइक बंद म्हणजे मागून शत्रू येताना दिसला तरी साथीदारांना सावध करता येत नाही. शेवटी तिने तो गेम सोडला. आता ती स्टारड्यू व्हॅली नावाच्या गेममध्ये शेती करते, मनापासून करते. पण नेमबाजी तिला आवडत नव्हती, असं कुणी म्हणू नये.

आपल्या पुरवणीने मुलींना एकदा विचारावं, की कोणता गेम सोडला आणि का? भाचीला मी नक्की लिहायला लावेन.

आपली,
एक वाचक, सातारा