सुधीर, बँक खात्याची काळजी सोड

नैवाशा, केनिया
रविवार, दुपार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू इथल्या तुझ्या नव्या नोकरीबद्दल कमी आणि पैशांबद्दल जास्त विचारलंस. केनियात बँक खातं निघेपर्यंत पैसे कुठं ठेवायचे, दुकानात काय द्यायचं, रात्री-अपरात्री गरज पडली तर कुणाकडं हात पसरायचा. वहिनींच्या बोलण्यातही तीच धास्ती होती. नेटवर्क धड नव्हतं आणि मलाही घाईत सांगायचं नव्हतं, म्हणून आज सुट्टीचा निवांत लिहायला बसलोय.

बँक खातं लगेच निघणार नाही, हे आधीच मनाशी धरून चल. वर्क परमिट, परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, कर खात्याचा पिन म्हणजे करदाता क्रमांक, सगळं हातात आल्याशिवाय बँकवाले अर्ज पुढं सरकवत नाहीत. पण इथं रोजचं जगायला बँक खातं लागतच नाही. मोबाइल नंबर लागतो. अर्धी माणसं त्यावरच संसार करतात आणि नवख्या परदेशी माणसालाही पासपोर्टवर ते मिळतं. त्याचं नाव एम-पेसा.

याला आपल्या यूपीआयसारखं समजू नकोस. यूपीआय मुळात बँक खात्यावर उभं आहे. एम-पेसात पैसे तुझ्या नंबरवरच जमा असतात. सफारीकॉम या मोबाइल कंपनीनं २००७ मध्ये हे सुरू केलं, तेव्हा इथल्या बहुतेकांकडं स्मार्टफोन नव्हता आणि बँकेत खातंही नव्हतं. म्हणून ते साध्या बटणांच्या फोनवरही चालतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. *३३४# दाबलं की मेनू समोर येतो. पैसे कंपनीच्या गल्ल्यात जात नाहीत, बँकांमध्ये ट्रस्टच्या नावावर वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळं त्या बाजूनं निश्चिंत राहा. आपल्याकडंही व्होडाफोननं २०१३ मध्ये हेच आणलं होतं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. आपल्याकडं तोवर जनधन खाती घरोघर पोचली होती, यूपीआय आलं होतं. इथं मात्र ते मातीत रुजलं.

आता पहिल्या दिवसाचं. नैरोबी विमानतळावरच सफारीकॉमचं दुकान आहे. मूळ पासपोर्ट दाखव, झेरॉक्स चालत नाही. सिम घेतानाच सांग की एम-पेसाही चालू करून हवं. चार आकडी पिन ठरवायला लावतात. जन्मसाल किंवा १२३४ ठेवू नकोस. थोडे डॉलर बदलून शिलिंग घे आणि त्यातले जमतील तेवढे लगेच नंबरवर टाक. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न चुरगळलेल्या आण, जुन्या नोटा इथं नाकारतात. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेव, नाहीतर आपल्या बँकेचे ओटीपी येणार नाहीत आणि सगळं घोडं तिथंच अडेल. कार्डावर परदेशातला वापर निघायच्या आधी चालू करून घे, तो आपोआप चालू नसतो.

नंबरवर पैसे टाकणारा माणूस म्हणजे एजंट. नैवाशाच्या तळ्याच्या दक्षिणेला मोई साउथ लेक रोडवर आपल्या फुलांच्या फार्मांची रांग आहे, आणि त्याच रस्त्यावर कारागीटा ही कामगारांची वस्ती. तिथं दर थोड्या अंतरावर हिरव्या रंगाची एक टपरी दिसते. मी जिच्याकडं जातो ती बाई जाळीच्या आड बसते, एका बाजूला रिचार्जची कार्डं, दुसऱ्या बाजूला साबण आणि साखर. पासपोर्टवरचं नाव वहीत उतरवते, नोटा दोनदा मोजते, फोनवर आकडे दाबते. दोन-चार क्षणांत तिचा आणि माझा फोन एकदमच वाजतो. मी मेसेजमधली शिल्लक बघतो, ती तिच्या वहीत सही घेते, झालं. पैसे टाकायला शुल्क नाही, काढायला आहे. म्हणून गरजेपुरतीच रोकड काढत जा, बाकी नंबरवरूनच खर्च कर. सुरुवातीला मला जाळीआडच्या माणसाला नोटा देणं जड गेलं. आता मला वाटतं, या सगळ्या व्यवस्थेचा जीव त्या टपरीतच आहे. मशीनपुढं अडलेल्या माणसाला कुणी समजावत नाही, ती बाई समजावते.

दुकानात वेगळी रीत आहे. दुकानदाराचा पैसे घ्यायचा क्रमांक, म्हणजे टिल नंबर असतो, बहुतेक जण तो भिंतीवर किंवा पत्र्यावर रंगवून ठेवतात. भाजीवालीला इथं मामा म्बोगा म्हणतात. तिच्याकडून सुकुमाची, म्हणजे इथल्या पालेभाजीची जुडी, टोमॅटो, कोथिंबीर घेतली की मेनूत ‘बाय गुड्स’ निवडायचं, टिल नंबर, रक्कम, पिन. पैसे जाण्याआधी समोर नाव दिसतं. ते नाव वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नकोस, ही एक सवय लावूनच घे. पैसे गेले की दोघांनाही मेसेज येतो. ‘बाय गुड्स’मध्ये देणाऱ्याला शुल्क पडत नाही. वीजबिलासाठी मात्र ‘पे बिल’ लागतं, त्यात मीटरचा नंबर खातेक्रमांक म्हणून टाकतात आणि उत्तरात वीस आकडी टोकन येतं. ते भिंतीवरच्या मीटरमध्ये टाइप केलं की दिवे लागतात. रात्री भरलेली वीज संपून दिवे गेले तर घरबसल्या हे काम होतं, तुझ्या पहिल्या आठवड्यात याचा उपयोग होईल. मटाटूचा, म्हणजे इथल्या खासगी प्रवासी व्हॅनचा कंडक्टर, मडगावच्या रिक्षाएवढ्या टुकटुकचा चालक, न्हावी, सगळे घेतात.

एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगतो. नवीन आलेली आपली माणसं बरेचदा ड्रायव्हरच्या किंवा ऑफिसातल्या कुणाच्या फोनवरून पैसे भरायला लावतात आणि मग रोख परत देतात. तू तसं करू नकोस. त्या माणसाच्या हिशेबात आपल्या हिशेबाची सरमिसळ होते, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि आपण महिनोन्‌महिने पांगळे राहतो. पहिल्या दिवसापासून स्वतःचा नंबर, स्वतःचा पिन.

तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या बायका-पुरुषांकडं बघशील तेव्हा कळेल हे इथं का टिकलं. फार्मवरचे बरेच कामगार किसुमू, किसी, काकामेगा अशा पश्चिमेकडच्या भागातले. पगार झाला की संध्याकाळी कारागीटाच्या टपऱ्यांपुढं गर्दी होते. माझ्या ग्रीनहाउसमधली एक बाई हातमोजे काढून आधी आईला पैसे पाठवते, मग घरी जाते. आईचा फोन साधाच, पण मेसेज आला की ती गावातल्या एजंटकडून रोकड काढते. एम-पेसाची चाचणी २००५ मध्ये थिका आणि नैरोबीकडं सुरू झाली तेव्हा ते छोट्या कर्जांचे हप्ते भरण्यासाठी होतं. लोकांनी ते घरी पैसे पाठवायला वापरलं, आणि कंपनीनं ‘सेंड मनी होम’ हीच जाहिरात केली. त्याआधी पैसे बसच्या ड्रायव्हरकडं किंवा गावी जाणाऱ्या कुणाकडं देत, पोचले तर पोचले. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये मांडलं की एम-पेसामुळं केनियातली सुमारे १,९४,००० कुटुंबं अतिगरिबीतून वर आली. त्या बाईचा फोन वाजताना ऐकलं की तो आकडा मला माणसांचा वाटतो. तुझ्यासारख्या खातं नसलेल्या माणसासाठीच ही सोय मुळात उभी राहिली, तेव्हा वापरताना संकोच बिलकुल नको.

आता सावधगिरी. ‘चुकून तुमच्याकडं पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला की आधी शिल्लक बघ. आलेला मेसेज खोटा असू शकतो. खरंच आले असतील तरी स्वतः परत पाठवू नकोस, त्याला कंपनीकडं तक्रार कर म्हण. तुझ्याकडून चुकीच्या नंबरवर गेले तर पैसे गेल्याचा मेसेज लगेच ४५६ वर पुढं पाठव. समोरच्यानं पैसे काढले नसतील तर परत मिळायची शक्यता असते. पिन कुणी विचारला, अगदी ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणत, तर फोन बंद कर. एका वेळी २,५०,००० शिलिंगपर्यंत पाठवता येतात आणि नंबरवर ५,००,००० पर्यंत ठेवता येतात, तेव्हा मर्यादेची अडचण तुला येणार नाही.

भारतात घरी पगारातले पैसे मात्र मी बँकेतूनच पाठवतो, वहिनींकडं तसे कसे पाठवायचे ते तुझं खातं निघाल्यावर दाखवीन. तोवर पहिल्या पगाराची निकड पडली तर मला सांग, आपण दोघं मिळून मार्ग काढू.

विमानतळावर नंबर चालू झाला की मला पन्नास शिलिंग पाठव. शंभरपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. माझ्या फोनवर तुझं नाव दिसलं की समजेन सगळं सुरळीत आहे, आणि मग गाडीवाल्याला निरोप देतो. नैवाशा तिथून दोन-अडीच तासांवर आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. येताना गोडा मसाला आणि थोडं कुळथाचं पीठ आण, इथं मिळत नाही.

तुझा,
प्रकाश