चिऊच्या किपबद्दल

ठाणे,
रविवार, दुपार

प्रिय सखी,

तुझं पत्र कालच वाचलं. बरोबरीच्या मुलींना जिम्नॅस्टिक्समधली किप (बारला लटकून झोक्याने बारच्या वर येणं) आली आणि आपल्याला येत नाही, म्हणून चिऊ क्लासला जायलाच नको म्हणते, हे वाचून जीव तुटला गं. तू पाठवलेला व्हिडिओ जागोजागी थांबवून पाहिला.

आधी तुझी शंका, की तिची ताकद कमी पडते का? तिची ताकद कमी पडत नाही, उलट ती जास्तच वापरते आहे. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली पोर ती! अडलं की कोपरं दुमडून स्वतःला वर खेचायचं, हे तिच्या अंगात मुरलंय. किपमध्ये नेमकं तेच आड येतं. कोपरं दुमडली की हनुवटी बारपाशी येते, पण कंबर खालीच लटकत राहते. मग पोर दमते, हात सोलवटतात आणि तिला वाटतं, आपल्यात दम नाही.

आता व्हिडिओ माझ्याबरोबर पुन्हा बघ. ग्लाइडला, म्हणजे बारखालून पुढे जाणाऱ्या झोक्याला, ती सुरेख जाते. कंबर मागे, पाय जमिनीला न लागता पुढे. पण अंग पुरतं लांब व्हायच्या आधीच ती पाय वर घेते. पुढच्या टोकाला हाताच्या बोटांपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं शरीर ताणलं गेलं पाहिजे. तिथे पोचल्यावर घोटे झटकन बारशी आणायचे, आणि मग थांबायचं. चिऊ थांबत नाही. तिची सगळी अडचण एवढ्यातच आहे असं माझं ठाम मत आहे.

कशासाठी थांबायचं? तर झोका मागे वळावा म्हणून. पाय बारजवळ आले की शरीराचा भार बारच्या जवळ गोळा होतो, आणि मागे जाणारा झोकाच कंबरेला वर उचलू लागतो. त्या वेळी हात सरळ ठेवून बार खाली दाबायचा. नडगीवरून, मांडीवरून थेट कंबरेपर्यंत, आपण लेगिंग वर चढवतो ना, अगदी तसा. पाय खाली जातात तसे खांदे वर येतात. शेवटी मनगटं बारच्या वर फिरवायची, खांदे थोडे पुढे न्यायचे, की झाला फ्रंट सपोर्ट, म्हणजे सरळ हातांवर बारच्या वर तोललेलं अंग. हेच सगळं अर्धा क्षण आधी केलं तर कितीही जोर लावला तरी जमत नाही.

म्हणून बाकावर बसलेल्या आयांनी ‘ओढ, ओढ!’ असं ओरडू नये, ही माझी कळकळीची विनंती. सांगायचंच तर ‘थांब... आता!’ एवढंच सांगावं, आणि तेही सरांनी. त्यांना एकदा विचारून बघ, सपोर्ट देताना त्यांचा हात किती भार घेतो? एक हात मांडीखाली आणि एक पाठीला, हे योग्यच आहे. पण मुलीला पूर्ण उचलून वर ठेवलं तर तिला कधी दाबायचं हे कळतच नाही. हात असावा, पण दिवसेंदिवस हलका होत जावा.

घरी काय करता येईल? उताणं झोपून, हलकी काठी सरळ हातांनी घोट्यांपासून कंबरेपर्यंत सरकवायची, हनुवटी छातीकडे. जड पलंगाच्या पायाला रबरी बँड बांधून, डोक्यामागून मांडीपर्यंत सरळ हातांनी ओढायचा. एवढं पुरे. दाराच्या चौकटीतल्या बारवर किप मात्र मुळीच करू देऊ नकोस.

हातांचं बघ. उचकटलेलं कातडं ओढून काढायचं नाही, स्वच्छ कात्रीने कापायचं. हात घसरू नयेत म्हणून लावलेली मॅग्नेशियमची पांढरी पूड नीट धुऊन रात्री तळव्यांना थोडं खोबरेल लावायचं. कातडं ओलं, लाल असेल तर त्या दिवशी बार नाही. मनगट दुखतं म्हणाली तर लगेच सरांना सांग.

तू लिहिलंस की तिला किप कंटाळवाणी वाटते, तिला मोठे झोके हवेत. तिला रोमानियाच्या जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीचा १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधला व्हिडिओ दाखव, ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधले पहिले पूर्ण १० गुण मिळाले तो, अनइव्हन बार्सवरचा, म्हणजे एक खाली आणि एक वर अशा दोन बारवरचा. तेव्हा दोन्ही बार एकमेकांच्या किती जवळ असत, आज किती लांब गेलेत! झोके बदलले, सुटणं-पकडणं बदललं. पण १७० सेंटीमीटरच्या खालच्या बारवर चढताना काय आणि २५० सेंटीमीटरच्या वरच्या बारवर काय, मुली आजही किपच घेतात. चिऊला जे मोठे झोके हवेत, त्यांच्याकडे जायचा रस्ता इथूनच आहे. मला स्वतःला बारवरचं दुसरं काहीही शिकवण्यापेक्षा किप शिकवायला जास्त आवडतं. पहिल्यांदा जमते तेव्हा मुलीला आपण वर कसे आलो हेच कळत नाही, ती बारवर तशीच राहून इकडेतिकडे बघत बसते!

पुढचा व्हिडिओ बाजूने काढ, मोबाइल बारच्या उंचीवर धरून. समोरून कोपरं दिसतात, पण पाय कधी आले ते कळत नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव, सरांना विचारून. मी रोज हॉलवर असतेच.

काकूंना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझीच,
मैत्रीण